मूल्यं ठरवली, यादी केली, पण काउंटरवर उभं राहिलं की उपयोग होत नाही. तुम्ही कसं करता?

औषधवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण तुकड्यात सांगितला तर अर्थ लागणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

माझं मेडिकल आहे, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला, एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर. डी फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा करून १४ वर्षं झाली, आधी दुसऱ्याच्या दुकानात होतो, गेली ९ वर्षं स्वतःचं. घरी आई, बायको आणि मुलगी, ती यंदा दहावीला आहे. दुकानात मी आणि हाताखाली एक पोरगा.

मागच्या महिन्यात आमच्या व्यापारी मित्रांनी एक दिवसाची कार्यशाळा ठेवली होती, विषय वैयक्तिक मूल्यं. शिकवणारे सर चांगले होते, तळमळीने सांगत होते. साठेक शब्दांचा कागद दिला, त्यातून आधी वीस निवडा, मग दहा, मग पाच. माझे पाच आले करुणा, प्रामाणिकपणा, कुटुंब, आर्थिक स्थैर्य आणि ज्ञान. आता रोजचे निर्णय या पाचांवर घासून बघा म्हणाले. मी कागद लॅमिनेट करून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवला, अगदी मनावर घेतलं होतं.

आता पुढच्याच रविवारचं ऐका. रात्री साडेनऊ, शटर अर्धं खाली. एक ओळखीची बाई आली, कडेवर तीनेक वर्षांचं पोरगं, अंग तापलेलं, नाक वाहतंय. डॉक्टरांचा दवाखाना बंद. म्हणाली, दादा मागच्या टायमाला दिलं होतं ते पावडरचं औषध द्या, त्यानेच उतरतो याचा ताप. म्हणजे अँटिबायोटिकचं ड्राय सिरप. मी बाटली काढली, नेहमीसारखी तळहातावर आपटून पावडर मोकळी केली, उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत घालायला घेतलं आणि हात थांबला. चिठ्ठी नाही. ताप सर्दीचा दिसतोय, सर्दी व्हायरसने होते आणि व्हायरसवर हे औषध चालत नाही हे मला पक्कं माहितीये, मीच ते शिकलोय. समोर तो कागद. करुणा म्हणते दे, आई घाबरलीये, तिला रात्र काढायचीये. ज्ञान म्हणतं देऊ नको. स्थैर्य म्हणतं नाही म्हटलंस तर समोरच्या दुकानात जाईल आणि सासूच्या बीपीच्या गोळ्यापण तिकडनंच नेईल. कुटुंब म्हणतं काय ते लवकर कर, मुलगी गणित घेऊन जागी आहे. शेवटी दिलं मी. बाई आशीर्वाद देत गेली आणि मला रात्रभर झोप नाही.

आणि हे रोजचं आहे हो. सरकारने किंमत बांधलेल्या औषधावर आम्हाला १६ टक्के मार्जिन, बाकीच्यावर साधारण २०, पण काही कंपन्यांचा माल असा असतो की माझी खरेदी १४ रुपये आणि छापील किंमत ९५. गिऱ्हाईक म्हणतं तुमच्याकडचं कुठलंपण चांगलं द्या, तेव्हा हात कुठल्या खणाकडे न्यायचा? गजकर्णाला स्टिरॉइड घातलेली ट्यूब मागतात, दोन दिवसात खाज थांबते आणि महिन्याभरात दुप्पट पसरून परत येते, त्यावर परत तीच ट्यूब. उधारीची वही आहे. रविवारी दुपारी बंद ठेवायचं का हा प्रश्न आहे. प्रत्येक वेळी पाच शब्द पाच दिशांना ओढतात.

तर विचारायचं हे की ज्यांनी आपली मूल्यं ठरवली आणि ती रोजच्या कामात खरंच वापरली त्यांनी ती नेमकी कशी ठरवली? आणि दोन चांगली मूल्यं एकमेकांच्या आड आली तर काय करता?

पक्कं_बोला

तुमचा पहिला प्रश्न मूल्यांचा नाहीच. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणं कायद्यातच बसत नाही. शेड्यूल एच म्हणजे फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायच्या औषधांची यादी, त्या औषधांवर तसं ठसठशीत लिहिलेलं असतं. जिथे कायदा स्पष्ट आहे तिथे मूल्यं शोधत बसायची गरज नाही, नाही म्हणायचं आणि विषय संपवायचा.

औषधवाला

दादा मान्य. एच वन ची औषधं, ही त्याहून कडक यादी, ज्यांची रजिस्टरला नोंद करावी लागते, म्हणजे झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक, ही मी चिठ्ठीशिवाय कधीच दिली नाहीत. मार्च २०१४ ला नियम लागू झाला तेव्हापासून एकही सोडलं नाही, आधीच्या मालकाकडे पण मीच रजिस्टर लिहायचो. डॉक्टरचं नाव पत्ता, पेशंटचं नाव, औषध, नग, सगळं, तीन वर्षं जपून ठेवायचं असतं. पण साध्या एच च्या बाबतीत गावोगाव काय चालतं ते तुम्हालाही माहीत असणार. चिठ्ठीशिवाय देऊ नका सांगणारी लाल रेघ स्ट्रिपवर आहे म्हणून माझा हात थांबत नाही हे मी कबूल करतोय, आणि म्हणूनच विचारतोय. कायदा रजिस्टरपाशी मला आठवतो, त्या बाईच्या तोंडाकडे बघताना आठवत नाही.

खडूफळा

औषधवाला दादा, तुमचं वाचून माझ्या वर्गातली एक गोष्ट आठवली, सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, सोलापूरकडे. आमच्याकडे मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं भिंतीवर रंगवलेली असतात, तुम्हीही शाळेत पाठ केली असतील, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. परिपाठाला रोज एका मूल्यावर बोलायचं. चौथीत एक मुलगी होती, रोज वीस मिनिटं उशिरा. परिपाठ संपता संपता दारात उभी, केस अर्धे विंचरलेले. मी वक्तशीरपणाच्या नावाखाली तिला महिनाभर मागे उभं केलं. मग एक दिवस मीच सकाळी वस्तीवरून गाडीने येत होतो तर ही पोरगी हापशावर. दोन घागरी भरून घरी ठेवल्या, धाकट्या भावाचं तोंड धुतलं, त्याला अंगणवाडीत सोडलं, तो रडायला लागला म्हणून दोन मिनिटं उंबऱ्यावर त्याच्याशेजारी बसली, आणि मग पळत शाळेत. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले.

भिंतीवरची दहाच्या दहा मूल्यं मला तोंडपाठ होती आणि तिला बहुतेक तीन सांगता आली असती. पण ती रोज मागे उभं राहायची शिक्षा घेऊन भावाला पोचवून येत होती. त्या दिवसापासून मी मूल्य ओळखायला एकच गोष्ट बघतो, माणूस कशासाठी काय सोसतोय. जे धरून ठेवण्यासाठी तुम्ही आजवर काहीतरी गमावलंय, पैसा म्हणा, मान म्हणा, झोप म्हणा, ते तुमचं. बाकीचं भिंतीवरचं.

तुम्ही कार्यशाळेत शब्द निवडले ते आवडले म्हणून. आता उलटं करून बघा. १४ वर्षांत कधी कधी नुकसान सोसून काही केलंय ते आठवा आणि लिहून काढा. तुम्ही एच वन चं रजिस्टर एकही दिवस चुकवलं नाही म्हणालात, त्यात गिऱ्हाईकं गेलीच असणार की. ते का करता? तिथून सुरुवात करा.

पासबुक_उघडा

मी नाशिकची, राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. खडूफळा सरांचं म्हणणं पटलं, माझी पद्धत त्याच्या जवळची आहे पण जरा रुक्ष आहे, हिशोबाची.

दोन वर्षांपूर्वी मला प्रमोशनची परीक्षा द्यायची की नाही ठरवायचं होतं. पास झालं की बदली, दुसऱ्या झोनमध्ये, तीन वर्षं तरी. घरी सासूबाई, मुलगा सहावीत. सगळे म्हणायचे तुझ्यासाठी काय महत्त्वाचं आहे ते बघ, आणि विचारलं की मी पोपटासारखी म्हणायचे कुटुंब आणि तब्येत. मग एका शनिवारी (दुसरा शनिवार, सुट्टी होती) मी तीन महिन्यांचं पासबुक, यूपीआयची यादी आणि मोबाईलमधलं कॅलेंडर घेऊन बसले आणि प्रत्येक खर्चासमोर आणि प्रत्येक मोकळ्या तासासमोर एक शब्द लिहिला की हे मी कशासाठी केलं. तब्येतीसमोर तीन महिन्यांत एक रुपया नाही, एक तास नाही. आणि दर महिन्याला न चुकता २००० रुपये मामेबहिणीच्या नर्सिंगच्या फीला, जे मी नवऱ्यालाही आठवण करून द्यावी लागू नये म्हणून पगाराच्या दिवशीच पाठवत होते. शिवाय रविवार सकाळचे दोन तास सोसायटीतल्या कामवाल्या बायकांची बँकेची कामं, फॉर्म, केवायसी. हे मी कधी मूल्य बिल्य म्हणून मोजलंच नव्हतं. माझ्या यादीत शिक्षण नव्हतं, बायकांनी स्वतःच्या पायावर उभं राहणं नव्हतं, आणि पैसा आणि वेळ तिकडेच जात होता.

दुसरं एक, हे बोलायला अवघड आहे पण फार उपयोगी आहे. तुम्हाला हेवा कुणाचा वाटतो ते बघा. मला वरच्या साहेबांचा कधीच हेवा वाटला नाही. मला हेवा वाटायचा आमच्याच ब्रँचच्या एका ताईंचा, त्या खेड्यात ब्रँच मॅनेजर झाल्या आणि बचत गटाच्या बायका त्यांना नावाने हाक मारायच्या. मग परीक्षा दिली, पास झाले, बदली ग्रामीण ब्रँचला मागून घेतली. मुलगा वर्षभर रुसला होता, आठवड्याला एकदा घरी यायचे. ते दुखलं, अजून दुखतं, पण का दुखतंय ते माहीत होतं.

औषधवाला, तुमच्या वहीत उधारी कुणाकुणाची माफ केलीये ती पानं बघा एकदा.

औषधवाला

ताई, वही आत्ता रात्री काढून बसलोय. माफ केलेली जवळजवळ सगळी नावं शुगर, बीपी आणि फिटच्या गोळ्यावाल्यांची आहेत. ज्यांचं औषध एक दिवसही बंद पडून चालत नाही अशांची. ताकदीचे डबे आणि क्रीमवाल्यांची उधारी मी सोडलेली नाही, ती वसूल केलीये. हे मी कधी ठरवून केलं नव्हतं. बघून जरा हललोच.

मनाचा_कट्टा

मी ठाण्याला समुपदेशनाचं काम करते, या विषयावर रोज माणसं भेटतात म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या सरांनी जो कागद दिला तसली साधनं बरीच आहेत. आम्ही एक पत्त्यांचा संच वापरतो, अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात मिलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेला, त्यात ८३ मूल्यांचे ८३ पत्ते असतात आणि ते फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, माझ्यासाठी महत्त्वाचं नाही अशा गठ्ठ्यांत टाकायचे. टेबलावर काय होतं माहितीये? पहिल्या फेरीत बहुतेक लोक साठ सत्तर पत्ते फार महत्त्वाच्या गठ्ठ्यात टाकतात, कारण पत्ता बाजूला ठेवताना आपण वाईट माणूस ठरतोय असं वाटतं. खरं काम तिथून पुढे, जेव्हा मी म्हणते यातले अर्धे उचला. एक आजोबा प्रतिष्ठेचा पत्ता हातात घेऊन दहा मिनिटं बसले होते, खाली ठेवायचे, परत उचलायचे. त्यांना मी विचारलं, हे तुम्ही केलंय हे जन्मात कुणालाही कळणार नसेल तरी कराल का? त्यांनी पत्ता ठेवला आणि चष्मा काढून पुसला. हा प्रश्न तुमच्या पाचही शब्दांना विचारून बघा. लोक काय म्हणतील याचा धाक बऱ्याचदा मूल्याचे कपडे घालून येतो.

दोन मूल्यं आड येतात त्याबद्दल. श्वार्ट्झ नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९२ मध्ये सुरुवातीला २० देशांमधल्या अभ्यासावरून दहा मूळ मूल्यं एका वर्तुळात मांडली. शेजारशेजारची एकमेकांना धरून असतात, समोरासमोरची ओढाताण करतात, म्हणजे जवळच्यांची काळजी एकीकडे आणि स्वतःची सत्ता आणि यश तिच्या समोर. तुमच्या आर्थिक स्थैर्यातला कमाईचा भाग करुणेशी भांडणार हे त्या वर्तुळात आधीच दिसतं, त्यात तुमचा दोष नाही. पाच शब्द एका ओळीत लिहून भागत नाही, वर खाली लावावे लागतात, आणि तेही सगळ्या आयुष्यासाठी एकदाच नाही. दुकानात वेगळा क्रम आणि घरी वेगळा असू शकतो, त्यात काही खोटेपणा नाही.

पण तुमच्या त्या रविवारी रात्री मला मूल्यांचं भांडण कमी दिसतंय. रागावू नका, आपुलकीने विचारते. तुम्ही बाटली दिलीत ती करुणेने दिलीत का? की समोरच्या माणसाचं नाराज झालेलं तोंड बघवत नाही म्हणून दिलीत? दोन्ही आतून अगदी सारखंच वाटतं, छातीत तसंच भरून येतं. फरक नंतर कळतो. करुणेने केलेल्या गोष्टीनंतर दमायला होतं पण झोप लागते. तुम्हाला लागली नाही.

द्राक्षबाग

राम राम. मी निफाड तालुक्यातला, चार एकर द्राक्ष. ताईंनी जे कुणाला कळणार नसेल तरी कराल का म्हटलं ना ते आमच्या धंद्यात रोजच असतं बघा.

आमच्याकडं दोन प्लॉट एक्स्पोर्टचे आणि बाकी लोकल. एक्स्पोर्टच्या प्लॉटची नोंदणी असते, फवारणीची डायरी लिहावी लागते, कुठल्या औषधानंतर काढणीला किती दिवस थांबायचं ते ठरलेलं, नमुना लॅबला जातो, पास झाला तरच कंटेनर. २०१० ला युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखायच्या औषधाचा अंश सापडला, लिहोसिन म्हणतो आम्ही त्याला, आणि माल अडकला, तेव्हा इकडं लोकांनी अक्षरशः डोक्याला हात लावला होता. तेव्हापासून एक्स्पोर्टला सगळे काटेकोर झाले. पण लोकलला कोण तपासतं? व्यापारी बागेत येतो, मणी बघतो, चव बघतो, भाव करतो.

चार वर्षांपूर्वी लोकलच्या प्लॉटवर भुरी रोगासाठी फवारणी झाली आणि नंतर पाचव्या दिवशी व्यापारी दारात, भाव चांगला, रोख पैसे, म्हणतो उद्या माल तोडू. औषधाचे थांबायचे दिवस अजून शिल्लक होते. मी हो म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात माझा नातू बागेत शिरला आणि घड तोडून तोंडात घालायला लागला, आणि मी ओरडलो खाऊ नको रे, फवारलंय. व्यापारी शेजारीच उभा. माझ्या तोंडून निघालं ते माझ्याच कानावर पडलं. व्यापाऱ्याला म्हटलं दहा दिवसांनी या. तो काही आला नाही, दहा दिवसांनी भाव पडला, पडत्या भावाने दिला माल. नुकसान झालं, मालकीण दोन दिवस बोलली नाही.

पण तेव्हापासून आमच्या घरचा नियम आहे, नातवाला ज्या दिवशी घड देता येईल त्या दिवशीच बागेत कात्री लावायची, प्लॉट कुठला का असंना. आता मला विचार करावाच लागत नाही. तुमच्याकडं पण असंच काहीतरी असंल, तुमच्या पोरीला रात्री ताप आला तर तुम्ही कुठली बाटली उघडाल?

हातावरचं_पोट

सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण एक बाजू कुणी मांडली नाही. मी पिंपरीत कंत्राटी कामगार आहे, आठ तासांची ड्यूटी बारा होते, घरी हप्ते आहेत. निवड असलेल्या माणसाला मूल्यं ठरवता येतात. बदली मागून घ्यायला आधी नोकरी पर्मनंट लागते. व्यापाऱ्याला परत पाठवायला चार एकर लागते. माझ्यासारख्याने सुपरवायझरला नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी गेटवर पास बंद. त्यामुळे मूल्य ओळखा, त्यावर जगा हे ऐकलं की मला त्रास होतो, राग नाही, त्रास होतो.

खडूफळा

भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला पण निवड नव्हती, आणि तिला मागे उभं करणारा मी होतो. तुमच्याकडे सुपरवायझर आहे. ज्याच्या हातात निवड आहे त्याच्यावर जास्त जबाबदारी येते एवढंच मी म्हणेन. तुम्हाला उपदेश करायचा हक्क मला नाही.

हातावरचं_पोट

नाही सर, तसं नाही मनात. एक सांगतो मग. लाईनवर नवीन पोरगं आलं की त्याला प्रेस मशीनवर दोन हातांची बटणं दाबून चालवायला सांगतात, पण प्रॉडक्शन वाढवायला एक बटण चिकटपट्टी लावून बांधून ठेवायचे, मग एक हात मोकळा राहतो आणि तोच हात डायखाली, म्हणजे दाबणाऱ्या साच्याखाली जातो. मी पट्टी काढतो. माझ्या शिफ्टला माझ्या मशीनवर पट्टी नसते. टार्गेट कमी भरतं, बोलणी खातो. यालाच तुम्ही मूल्य म्हणत असाल तर आहे माझ्याकडे एक.

पासबुक_उघडा

भाऊ, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. बोटं सांभाळून राहा.

राइनकाठी

मी मूळची कोल्हापूरची, सध्या जर्मनीत कॉन्स्टान्झला. एकच भर घालते. इथल्या विद्यापीठात गोलविट्झर म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी दाखवून दिलं की मी अमुक करणार असा नुसता निश्चय आणि अमुक प्रसंग आला तर मी तमुक करणार असं जर-तर मध्ये आधीच बांधून ठेवणं यात बराच फरक पडतो, दुसऱ्या प्रकारात माणूस ठरवलेलं जास्त पार पाडतो. काकांनी नातवाचा नियम केला तो हेच आहे, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. औषधवाला दादा, तुमच्या कागदावर करुणा लिहिलंय, त्यात जर नाही आणि तर पण नाही. रात्री साडेनऊला, घाबरलेल्या आईसमोर, त्या घटकेला विचार करून निर्णय होत नाही हो कुणाचा. दुपारी निवांत असताना करून ठेवायचा.

औषधवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल माफी. तुम्ही सगळ्यांनी जे दिलं त्यावर खरंच बसलो, बायकोलाही वाचून दाखवलं.

मनाचा कट्टा ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो. उत्तर तुम्हाला माहीतच होतं बहुतेक. करुणा नव्हती ती. मला नाही म्हणता येत नाही, लहानपणापासून येत नाही. वडील दुकानात नोकरीला होते, गिऱ्हाईक नाराज झालं की मालक त्यांना बोलायचे, ते बघत मोठा झालो. हे कागदावर लिहिलं तेव्हा पाच शब्दांतला पहिला शब्द वेगळाच दिसायला लागला. खरी करुणा वहीत सापडली, शुगरवाल्यांच्या पानांवर. तिथे मी कुणाच्या तोंडाकडे बघून केलं नव्हतं, बऱ्याच जणांना आपली उधारी खोडलीये हे माहीतही नाही.

काकांनी विचारलं पोरीला ताप आला तर कुठली बाटली उघडाल. पॅरासिटामॉल. वजन करून, एका डोसला किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि पाणी पाजत राहायचं आणि रात्री दोनदा उठून बघायचं. तिला सर्दीतापाला अँटिबायोटिक मी आजवर एकदाही दिलेलं नाही. मग दुसऱ्याच्या पोराला का देत होतो.

तर आता असं ठरवलंय, क्रमाने. दुकानात पहिलं, घरच्याला जे देणार नाही ते काउंटरवरून द्यायचं नाही. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणि स्टिरॉइडची ट्यूब बंद, साधी असो वा एच वन. रात्री ताप घेऊन आई आली तर आधी पोराचं वजन करायचं (काटा आणलाय, काउंटरच्या खाली ठेवलाय), पॅरासिटामॉल मोजून द्यायचं, आणि श्वास जोरात लागला, पाणी पीत नसेल, झटका आला किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर थेट ग्रामीण रुग्णालय, नंबर लिहून भिंतीवर लावलाय. कुठलंपण चांगलं द्या म्हणाले की त्याच घटकाचं स्वस्त आधी दाखवायचं, छापील किंमत मोठ्याने वाचून. रोजच्या गोळ्यांची उधारी अडवायची नाही, बाकी उधारी बंद. आणि घरी पहिलं कुटुंब, म्हणून रविवारी दुपारी दोन ते सहा शटर खाली, मुलीची परीक्षा होईपर्यंत तरी. ज्ञान आणि स्थैर्य मी काढून टाकलेलं नाही, खाली सरकवलंय.

लॅमिनेट केलेला कागद काढला. त्या जागी हे वहीच्या पानावर लिहून लावलंय, खाडाखोड आहे त्यात.

स्थैर्याचं म्हणाल तर गल्ला कमी झालाय, खोटं कशाला सांगू. ट्यूबांचाच रोजचा धंदा चांगला होता. पुढच्या दोन तीन महिन्यांत कळेल कितपत झेपतंय.

आणि ती बाई परत आली. गेल्या गुरुवारी, रात्रीचीच, तेच पोरगं, परत सर्दीताप. तेच औषध मागितलं. मी म्हटलं वहिनी, ते देणार नाही, याला त्याची गरज नाही. ती म्हणाली मागच्या वेळी दिलंत की. म्हटलं मागच्या वेळी माझं चुकलं. हे वाक्य गिऱ्हाईकासमोर मी १४ वर्षांत पहिल्यांदा बोललो. पोरगं काट्यावर उभं करायला बघितलं, ते उभं राहीना, मग आधी तिला पोराला घेऊन उभं केलं, मग तिला एकटीला, वजाबाकी केली, ११ किलो ८०० ग्रॅम. डोस सांगितला. तिने ऐकून घेतलं, सिरपचे पैसे दिले आणि सरळ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. मी बघत उभा होतो. झोप मात्र लागली त्या रात्री. शनिवारी तिची सासू बीपीच्या गोळ्या न्यायला आली, काही बोलली नाही, मीही नाही.

आता अडचण वेगळीच आहे. दुकानातला पोरगा २१ वर्षांचा आहे, डी फार्मच्या पहिल्या वर्षाला. त्याला सगळं समजावलं, त्याला पटलंय. पण काल म्हणाला, दादा तुम्ही जेवायला गेलेला असता आणि कुणी आरडाओरडा करायला लागलं, गावातलाच कुणी मोठा माणूस असला, तर मी कसं नाही म्हणू? त्याचं बरोबर आहे. माझं मी ठरवलं, त्याचा भार त्याच्यावर कसा टाकू?

द्राक्षबाग

त्याला सांगा, नाही म्हणायचं नाही. मालकाला फोन लावतो म्हणायचं आणि फोन समोरच्याच्या हातात द्यायचा. तुम्ही घास हातात असला तरी उचलायचा. आमच्याकडं सालगडी असंच करतो, व्यापारी बागेत आला की.